दारावर कडक पहारा, आत मोकळं रान: सरकारी वीज कंपन्यांच्या सल्लागारांवरची देखरेख

सरकारी वीज कंपनीने बाहेरचा सल्लागार घ्यायचं ठरवलं की टेबलावर चार गोष्टी येतात. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधला सल्लासेवांचा भाग, केंद्रीय वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाची सल्लासेवा-खरेदीची पुस्तिका (२०१७ची, पुढे २०२२ मध्ये सुधारलेली), केंद्रीय दक्षता आयोगाची परिपत्रकं आणि सगळं आटोपल्यावर येणारा कॅगचा लेखापरीक्षक. या चौघांना मिळून एक सेवा मानली आणि वीजबिल भरणारा माणूस तिचं गिऱ्हाईक धरला, तर सेवा कितपत चोख आहे? गुण द्यायचेच तर नेमणुकीपर्यंत पाचपैकी चार, नेमणुकीनंतर दीड.

हे नियम मूळचे केंद्राच्या खात्यांसाठी आहेत. वीज कंपन्या, मग त्या केंद्राच्या असोत की राज्याच्या, आपापली खरेदी-नियमावली करतात आणि संचालक मंडळाकडून मंजूर करून घेतात. साचा मात्र बहुधा हाच असतो, शब्दसुद्धा हेच. दक्षता आयोगाचा हात केंद्रीय उपक्रमांपर्यंतच पोचतो. राज्याच्या कंपन्यांसाठी तिथली लाचलुचपत यंत्रणा आणि लोकायुक्त.

आधी जे चांगलं आहे ते. नियम १७८ सांगतो की सल्लागार ठरावीक कामासाठी घ्यायचा, त्याचा आशय आणि मुदत आधी स्पष्ट हवी. नियम १८० सांगतो की ज्या कामाचं कसब आपल्याकडे नाही त्यासाठीच घ्यायचा, तोही सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीने. अंदाजित खर्च २५ लाखांच्या वर गेला की जाहिरात देऊन स्वारस्य मागवायचं (नियम १८३). निवडयादीत तीनपेक्षा कमी नावं नकोत (नियम १८४). एकाच सल्लागाराला थेट काम द्यायचं असेल तर ते अपवादानेच: आधीच्या कामाचं स्वाभाविक पुढचं काम, आणीबाणी, किंवा ते तंत्र एकाकडेच असणं. आणि त्याची पूर्ण कारणं फाइलवर हवीत (नियम १९४). वाक्यं छोटी, अर्थ सरळ. सरकारी भाषेत हे दुर्मीळच.

नियम १८० ची गंमत फाइलवर कळते. 'आपल्याकडे हे कसब नाही' हे प्रमाणपत्र देतो तोच विभाग, ज्याला सल्लागार हवा असतो. टिप्पणीत ठरलेलं एक वाक्य येतं: 'सदर काम विशेष स्वरूपाचे असून विभागाकडे पुरेसे मनुष्यबळ उपलब्ध नाही.' कसब नसणं आणि माणसं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरनिश्चितीची याचिका तयार करायला वीज कंपनीत कसब नसावं, हे पहिल्या वर्षी पटतं. दहाव्या वर्षीही तीच टिप्पणी, बहुधा तोच सल्लागार, आणि मधल्या काळात निवृत्त झालेल्या लेखाधिकाऱ्यांच्या जागा रिकाम्याच, असं दिसलं की ओळखावं: पदभरती न करण्याची किंमत सल्लागार-शुल्काच्या शीर्षाखाली भरली जाते आहे. नियमात यावर उतारा नाही. टिप्पणीसोबत मनुष्यबळ विभागाचा मंजूर आणि भरलेल्या पदांचा तक्ता जोडायची अट घातली, तर अर्धी प्रकरणं तिथेच उघडी पडतील.

आता निवडीचं गणित. गुणवत्ता आणि किंमत दोन्ही पाहून निवड करायची पद्धत, म्हणजे क्यूसीबीएस, नियम १९२ मध्ये आहे. तांत्रिक बाजूला जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येतं. व्यवहारात ७०:३० जास्त दिसतं. कागदावर हे निर्दोष वाटतं. आकडे घालून पाहू. 'अ' संस्थेचे तांत्रिक गुण ९२, किंमत १ कोटी ४० लाख. 'ब'चे गुण ७८, किंमत ९० लाख. सर्वांत कमी किमतीला १०० आर्थिक गुण, म्हणून 'ब'ला १००. 'अ'ला ९० भागिले १४०, म्हणजे ६४.२९. सत्तर-तीसने बेरीज केली की 'अ' ८३.६९ आणि 'ब' ८४.६०. 'ब' जिंकली, तीही एका गुणाच्या आतल्या फरकाने.

तांत्रिक शंभरांपैकी वीस गुण सादरीकरणाचे असले तर समितीने 'अ'ला सादरीकरणात फक्त दोन गुण जास्त द्यायचे. ९२चे ९४ होतात, 'अ' ८५.०९ वर जाते आणि कंपनी ५० लाख रुपये जास्त मोजते. गुणपत्रिकेतल्या दोन गुणांवर कोणताही लेखापरीक्षक बोट ठेवू शकत नाही. सादरीकरण 'प्रभावी' वाटलं म्हणणाऱ्याला खोटं कसं ठरवायचं? वजन ७०:३० ऐवजी ८०:२० असतं, तर कुणाला काही करायचीही गरज नव्हती. 'अ' चार गुणांनी पुढे. आणखी एक बारकावा असा की काही आरएफपींत (म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या निविदापत्रांत) तांत्रिक गुणही सर्वोच्चाला १०० धरून पुन्हा बसवले जातात. तसं केलं तर याच उदाहरणात दोघांमधला फरक ०.०६ वर येतो.

म्हणून निवडप्रक्रिया तपासणाऱ्याने गुणपत्रिका शेवटी उघडावी. आधी पाहावं की वजन, सूत्र आणि सादरीकरणाचे गुण कोणत्या तारखेला ठरले, बोलीपूर्व बैठकीनंतर शुद्धिपत्रक काढून बदलले का, आणि सादरीकरणाचे गुण प्रत्येक सदस्याने स्वतंत्र कागदावर सही करून दिले की समितीने 'सर्वानुमते' एकच आकडा लिहिला. 'सर्वानुमते' असेल तर तिथे थांबून दुसऱ्यांदा वाचावं. सादरीकरणाला दहापेक्षा जास्त गुण ठेवूच नयेत, असं आमचं मत. बाकीचे गुण मोजता येतील अशा गोष्टींना द्यावेत: तशाच कामांची संख्या, प्रमुख तज्ज्ञांची पात्रता, त्यांनी या कामाला द्यायचे मनुष्य-महिने.

मनुष्य-महिन्यांवरून आठवलं. बोलीत पंचवीस वर्षं अनुभवाच्या पथकप्रमुखाचा परिचय जोडलेला असतो, त्यावर गुण मिळतात. काम सुरू झालं की तो महिन्यातून दोन दिवस फिरकतो आणि बाकीचे दिवस दोन वर्षांपूर्वी पदवी घेतलेली मुलं कंपनीच्याच अभियंत्यांकडून माहिती गोळा करून स्लाइड बनवतात. करारात प्रमुख तज्ज्ञ बदलायला कंपनीची लेखी संमती आणि बदली माणूस तितक्याच पात्रतेचा, अशी अट असते. पण माणूस बदललेला नसतोच, तो फक्त येत नाही. यावर उपाय जुना आहे: देयकासोबत नावनिशी हजेरीपत्रक, त्यावर कंपनीच्या समन्वय-अधिकाऱ्याची सही, आणि प्रमुख तज्ज्ञाचे किमान दिवस भरले नाहीत तर त्याच्या दराने कपात. एकरकमी कंत्राटात हे कलम घालता येत नाही असा गैरसमज आहे. घालता येतं, आरएफपीतच लिहावं लागतं.

कंत्राटाच्या प्रकारांवर पुस्तिकेत वेगळा भाग आहे: एकरकमी, वेळेवर आधारित, टक्केवारीचं किंवा यश-शुल्काचं, प्रतिधारण-शुल्काचं (म्हणजे सल्लागाराला बांधून ठेवण्यासाठी दिलेल्या शुल्काचं) वगैरे. यातला टक्केवारीचा प्रकार सर्वांत गोड दिसतो. बचत झाली तरच पैसे, मग नुकसान कसलं? उत्तर हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे बघावं. तिथल्या एस्कॉम या सरकारी वीज कंपनीने मॅकिन्झी या आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्थेला असंच बचतीशी बांधलेल्या शुल्काचं काम दिलं. स्थानिक भागीदार म्हणून ट्रिलियन नावाची कंपनी आत आली. अशा शुल्कपद्धतीला तिथल्या राष्ट्रीय कोषागाराची मंजुरी लागत होती, ती नव्हती. जून २०१६ मध्ये कंत्राट गुंडाळलं गेलं, तरी दोघांना मिळून सुमारे १६० कोटी रँड गेले. ट्रिलियनशी तर एस्कॉमचं कंत्राटच नव्हतं. मॅकिन्झीने २०१८ मध्ये व्याजासह सुमारे १०० कोटी रँड परत केले, ट्रिलियनने ५९.५ कोटी रँड परत करावेत असा आदेश प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, एस्कॉम आणि ट्रान्सनेट या सरकारी वाहतूक कंपनीकडून कामं मिळवण्यासाठीच्या लाचखोरीच्या प्रकरणात, मॅकिन्झीच्या आफ्रिकेतल्या कंपनीने अमेरिकी न्याय विभागाशी १२.२ कोटी डॉलरहून जास्त रकमेवर तडजोड केली.

बातम्यांमध्ये ही भ्रष्टाचाराची गोष्ट म्हणून आली आणि ती आहेच. आपल्या कामाचा भाग मात्र कोरडा आहे: पैसे देताना मूळ करार, मंजुरी आणि काम झाल्याचा दाखला हे तीन कागद एकत्र ठेवून कुणी पाहिले नाहीत. ज्या कंपनीशी करार नाही तिचं देयक लेखा विभागात अडकायला हवं होतं. निविदेचा नियम कितीही कडक असला तरी शेवटचं दार लेखा विभागाचं, आणि तिथे बसलेल्या माणसाला 'वरून फोन आला' या तीन शब्दांपासून वाचवणारं कलम आपल्या पुस्तिकेतही नाही.

यश-शुल्काचा दुसरा रोग आधाररेषेचा, म्हणजे घट कुठून मोजायची याचा. वितरण कंपनीत एटी अँड सी हानी (तांत्रिक गळती, चोरी आणि न वसूल झालेली बिलं मिळून होणारा तोटा) कमी करण्यावर शुल्क बांधलं असं समजा. ही हानी म्हणजे शंभर टक्क्यांतून बिलिंग आणि वसुली या दोन कार्यक्षमतांचा गुणाकार वजा. बिलिंग ८५ टक्के, वसुली ९४ टक्के असेल तर हानी २०.१ टक्के. मार्च महिन्यात सरकारने पाणीपुरवठा योजना आणि पथदिव्यांची जुनी थकबाकी एकदम चुकती केली आणि वसुली ९८ वर गेली, तर हानी १६.७ होते. म्हणजे ३.४ अंकांची घट, आणि त्यात सल्लागाराचा हात शून्य. एकही मीटर बदललेला नाही, वीजचोरीचा एकही आकडा तारेवरून काढलेला नाही. सूत्र, जुन्या थकबाकीची वागणूक, अनुदान कोणत्या महिन्यात मोजायचं आणि आधारवर्षाचे आकडे कुणी प्रमाणित करायचे, हे सगळं कंत्राटाच्या जोडपत्रात गोठवलं नसेल तर यश-शुल्क देऊ नये. प्रमाणित करणाराही सल्लागार आणि व्यवस्थापन या दोघांबाहेरचा हवा, कारण हानी घटली की दोघांनाही टाळ्या मिळतात.

हितसंबंधांच्या संघर्षावर पुस्तिका चांगली आहे. ज्याने तांत्रिक विनिर्देश लिहिले त्याने पुढचं काम घ्यायचं नाही. एकाच वेळी परस्परविरोधी दोन पक्षांना सल्ला द्यायचा नाही. निवड करणाऱ्या अधिकाऱ्याशी नातं किंवा व्यवहार नको. वीजक्षेत्रात मात्र एक जास्तीची गाठ आहे. वीज अधिनियम २००३ च्या कलम ९१(४) नुसार वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगालाही सल्लागार नेमता येतात. दरयाचिका लिहायचं आणि ती तपासायचं, ही दोन्ही कामं करणाऱ्या संस्थांचा बाजार छोटा. या वर्षी एका राज्यात कंपनीच्या बाजूने बसणारी संस्था दुसऱ्या राज्यात आयोगाच्या बाजूने बसते. नियम मोडत नाही, पण कोणता युक्तिवाद आयोगात टिकतो हे तिला आतून माहीत असतं. सल्लागाराकडून घ्यायच्या हितसंबंधांच्या घोषणापत्रात 'याच राज्यात' ऐवजी 'गेल्या तीन वर्षांत कोणत्याही राज्यात' असं विचारलं तर निदान चित्र तरी दिसेल.

हे सगळं आत्ताच का पाहायचं, तर २०२१ मध्ये आलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेमुळे. तिचा आकार ३,०३,७५८ कोटींचा, त्यात केंद्राचं साहाय्य ९७,६३१ कोटी, आणि राज्योराज्यीच्या वितरण कंपन्यांत प्रकल्प व्यवस्थापन संस्था म्हणून बाहेरचे लोक बसवायची त्यात सोय आहे. आरईसी आणि पीएफसी या वीजक्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी वित्तसंस्था योजनेच्या समन्वय-संस्था आहेत; त्या निधी देताना टप्पे पाहतात, म्हणजे देखरेखीचा एक जादा थर. तो थर विचारतो किती मीटर बसले, किती फीडर वेगळे झाले. प्रकल्प व्यवस्थापन संस्थेने काय चूक वेळेत पकडली, हा प्रश्न त्याच्या तक्त्यात बसत नाही.

आता दीड गुणाचा भाग. नियम १९५ म्हणतो की खात्याने सल्लागाराच्या कामात सुरुवातीपासून सहभागी राहावं आणि सतत लक्ष ठेवावं. एवढंच. नेमणुकीच्या वाटेवर डझनभर नियम आणि नेमणुकीनंतर एक. अहवाल आला की तो 'स्वीकारला' जातो, शेवटचा हप्ता निघतो. त्यातल्या शिफारशींपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, हे लिहिणारी टिप्पणी क्वचित सापडते. सल्ला खरा निघाला का, हे दोन वर्षांनी पाहायचा नियमच नाही.

याची किंमत किती असते ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर प्रांताने पाहिलं. तिथल्या नॅल्कॉर या सरकारी ऊर्जा कंपनीचा ८२४ मेगावॅटचा मस्क्रॅट फॉल्स प्रकल्प डिसेंबर २०१२ मध्ये मंजूर झाला, तेव्हा वित्तखर्च धरून अंदाज ७४० कोटी कॅनेडियन डॉलरचा होता. चौकशी आयोगाचा अहवाल २०२० मध्ये आला तोवर तो १,२७० कोटींवर गेला होता. सल्लागारांची तिथे वाण नव्हती. वेस्टनी या सल्लागार संस्थेने व्यूहात्मक धोक्यांपोटी ४९.७ कोटी डॉलर काढून दाखवले होते. अंदाजपत्रकात ते धरलेच गेले नाहीत. प्रांताच्या नियामक मंडळाने मार्च २०१२ मध्ये सांगितलं होतं की समोरची माहिती निष्कर्ष काढायला पुरेशी नाही. न्यायमूर्ती रिचर्ड लेब्लँक यांच्या आयोगाने नोंदवलं की कंपनीच्या वरिष्ठांनी खर्चाची आणि धोक्यांची माहिती सरकारपासून दडवली. सल्लागार, त्याचा अहवाल आणि सरकार यांच्यामध्ये कंपनीचं व्यवस्थापन उभं असतं, आणि काय पुढे जाऊ द्यायचं ते तेच ठरवतं.

आपल्याकडे सल्ला फुकट मिळूनही वाया गेल्याचा दाखला आहे. एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं जागतिक बँकेने १९९३ मध्ये कळवलं होतं. वीजखरेदी करार त्याच वर्षीच्या डिसेंबरात झाला.

उपाय अवघड नाही. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक सल्ला-कंत्राटात मसुदा आणि अंतिम अहवाल या दोन्हींची प्रत थेट ऊर्जा विभागाला आणि कंपनीच्या लेखापरीक्षण समितीला जाईल, असं कलम घालावं. मसुदा यासाठी की अंतिम अहवालात काय गळलं ते तुलनेतच दिसतं. व्यवस्थापनाच्या शेऱ्यांनंतर एखादा परिच्छेद बदलला असेल तर बदल कुणाच्या सूचनेवरून, हे सल्लागाराने शेवटच्या पानावर लिहावं.

कॅगच्या बाजूने बोलायचं तर कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १४३ नुसार तो सरकारी कंपनीचं पूरक लेखापरीक्षण करू शकतो, आणि त्याच्या अनुपालन-अहवालांत सल्ला-कंत्राटं येतातही. अहवाल विधिमंडळात जातो, तिथून सार्वजनिक उपक्रम समितीकडे. पण हे सगळं होईपर्यंत मुदतवाढी संपलेल्या असतात, कार्यकारी संचालक बदललेला असतो आणि समितीसमोर बसलेला अधिकारी 'त्या वेळी मी या पदावर नव्हतो' असं म्हणतो. तेही खरंच असतं.

नियामक आयोग याहून जवळचा. सल्लागार-शुल्क साधारणपणे प्रशासकीय व सर्वसाधारण खर्चात येतं आणि त्यावर आयोगाच्या विनियमांची मर्यादा असते. पळवाट अशी की शुल्क एखाद्या भांडवली प्रकल्पावर टाकलं तर ते त्या मर्यादेतून निसटतं, मालमत्तेच्या किमतीत मिसळतं आणि घसारा, व्याज, भांडवलावरचा परतावा अशा रूपात वर्षानुवर्षं बिलात उतरतं. लेखाशास्त्राच्या दृष्टीने प्रकल्पाशी थेट जोडलेलं व्यावसायिक शुल्क भांडवली धरणं बरोबरच आहे. प्रश्न 'थेट' या शब्दाचा. कंपनीच्या पुनर्रचनेचा सल्ला उपकेंद्राच्या किमतीत सापडला तर तो थेट नव्हे.

सामान्य ग्राहकाला यातलं काय हाताशी आहे? माहितीचा अधिकार. अर्जात 'सल्लागारांवरील खर्चाची माहिती द्या' असं लिहिलं तर एक बेरीज हातात येते आणि विषय संपतो. कागद नावाने मागावेत: गरज मांडणारी मूळ टिप्पणी, टीओआर (कामाची व्याप्ती आणि अटी सांगणारा कागद), कार्यादेश, सगळे मुदतवाढ-आदेश, देयकनिहाय अदा रकमांचा तक्ता आणि अंतिम अहवाल स्वीकारल्याची टिप्पणी. व्यापारी गुपिताचं कारण देऊन कलम ८(१)(घ) पुढे केलं जातं. त्यावर कलम १० दाखवून उरलेला भाग तरी तोडून द्या असं अपिलात मांडता येतं. मुदतवाढ-आदेश सर्वांत बोलके. मूळ कंत्राट सहा महिन्यांचं आणि वाढी त्याच्या दुप्पट, हे चित्र एका पानावर दिसतं.

आणि सहाव्या कागदाबद्दल 'अभिलेखावर उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर ते फेकू नये. वीज अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे दरयाचिकेचा गोषवारा प्रसिद्ध होतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्याच लागतात. त्या हरकतीला हे उत्तर जोडावं, खर्चाच्या त्या ओळीचा पान क्रमांक द्यावा आणि ज्या अहवालाची स्वीकृती सापडत नाही त्याचं शुल्क दरात का धरायचं, एवढंच विचारावं.